सून घरची, तारीख सरकारची

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

अर्ज, मुदत, तारीख, दाखला, हजर, जामीन, हुकूम. आपल्या कचेऱ्यांतली ही सगळी मंडळी अरबी-फारसीतून मराठीत आली आणि इतकी रुळली, की आता त्यांना कुणी पासपोर्ट विचारत नाही. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला या शब्दांचं फार कौतुक वाटतं. पण यांतल्या 'मुदत' या शब्दाची मला अलीकडे धास्तीही वाटू लागली आहे. आज बोलायचं आहे ते एका विशिष्ट मुदतीबद्दल. परदेशातली मुलगी लग्न करून आपल्या घरात सून म्हणून आली, किंवा परदेशातला मुलगा जावई म्हणून आला, आणि त्याच्या व्हिसाची मुदत संपूनही तो माणूस इथेच राहिला, तर पुढे काय? जोडीदार भारतीय आहे, या आधारावर नंतर राहण्याची परवानगी मागता येते का?

तुम्ही म्हणाल, चिमूरसारख्या गावात हा विषय कशाला? इथून वाघ जवळ आणि विमानतळ लांब. सीमा तर कुठल्या कुठे. पण सीमेचे कागद जंगलातही येतात, श्रोतेहो. गडचिरोलीत चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं वसवलेली आहेत. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत १९७२ पासून आहे. आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, अदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे तिकडच्या घरांची सोयरीक हैदराबादशी. त्या हैदराबादचे काही नातलग फाळणीनंतर कराचीला गेलेले. आणि हे सगळं सोडा, आज आमच्या तालुक्यातली मुलं कतार, ओमान, दुबईत वेल्डिंग करतात, गाड्या चालवतात. तिथं जगभरातल्या मुली कामाला असतात. मन जुळायला व्हिसा लागत नाही, नांदायला लागतो.

पहिली गोष्ट ही, की लग्न आणि मुक्काम या कायद्याच्या दोन वेगळ्या खोल्या आहेत. एकीतून दुसरीत जायला दार आहे, पण ते आपोआप उघडत नाही. भारतीयाशी लग्न झालं म्हणून कुणी त्या दिवसापासून भारतीय होत नाही, आणि त्याला इथं राहण्याचा हक्कही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्येच सांगितलं, की परदेशी माणसाला देशाबाहेर पाठवण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. १९९१ मध्ये एका बेल्जियन मिशनऱ्याचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे आलं. तो १९३७ पासून भारतात होता, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यापेक्षा दहा वर्षं आधीपासून. तरीही न्यायालय म्हणालं, की देशात वास्तव्य करण्याचा घटनेतला हक्क फक्त नागरिकांना आहे. जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मात्र परदेशी माणसालाही आहे. म्हणजे त्याला कायद्याच्या रीतीनंच वागवावं लागेल. पण किती वर्षं राहिला, यावरून हक्क तयार होत नाही.

आपल्याकडे 'स्पाउस व्हिसा' नावाचा वेगळा व्हिसा नाही. नवरा किंवा बायको भारतीय असेल तर मिळतो तो एंट्री व्हिसा, ज्याला 'एक्स व्हिसा' म्हणतात. तो एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. लग्न नोंदवलेलं असेल आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलं असेल, तर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ही सोय २०१५ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली. मात्र जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील, आजोबा-आजी, पणजोबा-पणजी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक आहेत किंवा होते, त्याला हे कार्ड मिळत नाही. त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, म्हणजे एलटीव्ही. भारतीयाशी लग्न करून इथं राहणाऱ्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी स्त्रिया त्यात बसतात. पाकिस्तानात दिलेली आपलीच लेक विधवा झाली किंवा तिचा तलाक झाला, आणि तिला तिकडे आधार उरला नाही, तर तीही बसते. नेपाळ आणि भूतानची सून असेल तर यातलं काहीच नाही. तिला व्हिसाच लागत नाही, मग मुदत संपणार कशाची?

इथं एक गोष्ट लक्षात आली का? एलटीव्हीच्या यादीत 'स्त्रिया' आहेत, नवरे नाहीत. भारतीय मुलीनं पाकिस्तानी किंवा बांगलादेशी मुलाशी लग्न केलं आणि तो इथं येऊन राहू म्हणाला, तर त्याच्यासाठी सरळ खाना नाही. अत्यंत सहानुभूतीचं प्रकरण म्हणून विनंती करावी लागते. लग्न झालं की मुलगीच सासरी जाणार, हे कायदा लिहिणाऱ्यानं धरूनच चाललं आहे. घरजावई हा शब्द आपल्याकडे थट्टेचा आहे. कायद्यात तर तो शब्दच नाही.

आता मुदत संपल्यावर काय होतं ते पाहू. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात व्हिसापेक्षा जास्त राहण्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होती. तो कायदा आता राहिला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. त्यात मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात थोड्या दिवसांच्या उशिराला दंड भरून घेऊन प्रकरण मिटवण्याची रीत आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशचा क्रिकेटपटू सैफ हसन कसोटीसाठी भारतात आला होता. त्याचा व्हिसा संपल्याचं त्याला कोलकात्याच्या विमानतळावर कळलं आणि २१ हजार ६०० रुपये भरून मगच घरी जाता आलं. त्या वेळच्या दरपत्रकात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याक समाजांच्या लोकांना हाच दंड शंभर ते पाचशे रुपये होता. म्हणजे एकाच संघातला हिंदू खेळाडू तितकेच दिवस राहिला असता, तर त्याचं शंभरात भागलं असतं. छळाला कंटाळून आलेल्या माणसाला सवलत द्यावी, हे मला मान्यच आहे. क्रिकेट खेळायला आलेल्याच्या धर्माचा रकाना कशासाठी पाहायचा, एवढंच कळत नाही. असो.

दंड आणि कैद या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. न दिसणारी गोष्ट नागरिकत्व कायद्यात आहे, आणि माझ्या मते खरा धोका तिथं आहे. २००३ मध्ये त्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. ती ३ डिसेंबर २००४ पासून अमलात आली. तिनं 'बेकायदा स्थलांतरित' या शब्दाची व्याख्या केली. आपल्याला वाटतं, की रात्री नदी ओलांडून आला तो बेकायदा. व्याख्येत तो आहेच. पण रीतसर पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन आलेला, आणि दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलेला माणूसही त्याच व्याख्येत आहे. म्हणजे काल रात्री अकरा वाजता जी आपली पाहुणी होती, कुणाची बायको होती, ती आज सकाळी कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित झालेली असते. घरात काहीच बदललेलं नसतं. चूल तीच, पाटा-वरवंटा तोच.

याचे दोन परिणाम आहेत. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीनं नागरिकत्व मागता येतं, पण बेकायदा स्थलांतरिताला येत नाही. आणि दुसरा परिणाम पोटातल्या लेकरावर होतो. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जो जन्मला तो जन्मानं भारतीय, आईबाप कुणी का असेनात. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंत जन्मलेल्यांसाठी आईबापांपैकी एक भारतीय असणं पुरेसं. पण ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्या मुलाचा एक पालक भारतीय असला, तरी दुसरा पालक त्या जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित असता कामा नये. तसा असेल तर मूल जन्मानं भारतीय नाही. ते चिमूरच्या दवाखान्यात जन्मो की चंद्रपूरच्या.

हे वाक्य मी कायद्याच्या पुस्तकात अनेकदा वाचलं होतं. त्याचा अर्थ एका गृहस्थांमुळे उमगला. मी बी.ए. झालेला माणूस, वकील नव्हे. पण आमच्याकडे जो कविता लिहितो तो अर्जही लिहू शकतो अशी लोकांची समजूत आहे, आणि ती मी मोडत नाही. काही वर्षांपूर्वी चिमूरपासून दोन कोसांवरच्या गावातले एक वयस्क गृहस्थ आले. मुलगा कतारला वेल्डर. तिथं हॉटेलात काम करणाऱ्या फिलिपिन्सच्या मुलीशी त्याचं जमलं. ती टुरिस्ट व्हिसावर आली, गावात निकाह झाला, मुलाची रजा संपली म्हणून तो परत गेला. सून इथंच राहिली, कारण तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. व्हिसा संपून एकोणीस दिवस झाले होते. आठवा महिना संपत आला होता.

"शायरसाहेब, एक अर्ज लिहून द्या फक्त," ते म्हणाले. "बाळंतपण झालं की निवांत जाऊन येऊ. सून घरात आहे, कुठं पळून जाते काय?"

"चाचा, अर्ज आजच लिहू. पण निवांत नाही जमायचं," मी म्हणालो, आणि त्यांना ते कलम वाचून दाखवलं. दोनदा वाचलं.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे नातू आमचा नाही?"

"नातू तुमचाच. तो कुठल्या देशाचा, हे ठरतं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही चंद्रपूरला गेलो, सुनेला घेऊन. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी करणारा अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. अर्ज २०१८ पासून ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर भरायचे असतात, पण उलटलेल्या तारखेचं प्रकरण नुसतं संगणकावर टाकून घरी बसण्यासारखं नसतं. पोलिसांच्या कचेरीत स्वतःहून जायचं, या कल्पनेनं चाचांचे हात थरथरत होते. मी त्यांना एकच सांगितलं होतं, की लपून राहिलेला आणि हजर झालेला यांची फाइल वेगळी दिसते. तिथल्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट पाहिला, सुनेकडे पाहिलं, तिला आधी खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "डॉक्टरचं प्रमाणपत्र आणलंत का?" ते आणलं होतं. प्रवास करू नये असं त्यावर तारखेसह लिहिलेलं होतं, आणि ती तारीख व्हिसा संपायच्या आधीची होती. त्या एका कागदानं जेवढं काम केलं तेवढं माझ्या अर्जानं केलं नाही. उशिराचा दंड भरला, वैद्यकीय कारणासाठी मुदत वाढवून मिळाली. त्यानंतर बाराव्या दिवशी मुलगी झाली. आई त्या दिवशी परवानगीनं भारतात होती, म्हणून मुलगी जन्मानं भारतीय.

पण ही झाली तात्पुरती डागडुजी. एक्स व्हिसाचं काम त्यानंतर सुरू झालं, आणि तिथं लग्न सिद्ध करावं लागतं. आमच्या लोकांची समजूत अशी, की काझींनी निकाहनामा दिला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मेहर ठरला, म्हणजे झालं. धर्माच्या दृष्टीनं झालंच. परंतु कचेरीला हवा असतो विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आहे. तो सगळ्या धर्मांच्या लग्नांना लागू आहे, आणि खेड्यात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो. सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००६ रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं, की प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची करा. (तारीख प्रेमिकांच्या दिवसाची आहे. न्यायमूर्तींच्या ते मनात नसावं.) तरीही कित्येक घरांत हा दाखला नसतो, कारण त्यावाचून कुठं अडलेलं नसतं. परदेशी सून आली की अडतं.

नावाचा घोळ तर विचारू नका. निकाहच्या वेळी मुलीचं नाव बदलतात. घरचे तेच नाव निकाहनाम्यावर घालतात, विवाह नोंदणीत घालतात, लग्नाच्या पत्रिकेत तर घालतातच. पासपोर्टवर मात्र जुनं नाव. मग टेबलावरचा माणूस विचारतो, ही बाई कोण आणि ती बाई कोण? माझं सांगणं एवढंच, की हाक कुठल्याही नावानं मारा, पण नोंदणीच्या दाखल्यावर पासपोर्टमधलंच नाव घाला, स्पेलिंगसकट. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं भाषांतर करून नोटरी करून ठेवा. एका अक्षरापायी महिने जातात, आणि इथं प्रत्येक महिना मोजला जातो.

यानंतर चौकशी होते. लग्न खरं आहे का, दोघं एकत्र राहतात का, माणूस कसा आहे, सुरक्षेच्या दृष्टीनं काही शंका आहे का, हे पोलीस घरी येऊन पाहतात आणि अहवाल पाठवतात. भारतीय जोडीदाराला हमीपत्र लिहून द्यावं लागतं. आमच्या प्रकरणात गाडी इथंच अडली. नवरा कतारला, बायको इथं. मग एकत्र राहतात कसे म्हणायचं? शेजारच्या आयाबायांनी सांगितलं, पोलीस पाटलांनी सांगितलं, तरी हमीपत्रावर सही कोण करणार? शेवटी मुलगा बिनपगारी रजा घेऊन आला. चौकशीला आलेल्या हवालदारासमोर तो लेकीला मांडीवर घेऊन बसला होता आणि ती रडून रडून घर डोक्यावर घेत होती. हवालदार म्हणाला, "राहू द्या, झालं माझं." एक्स व्हिसा हातात यायला पुढे काही महिने लागले, पण आला. इतक्या दिवसांच्या व्हिसावर जिल्ह्यात नोंदणीही करावी लागते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत, आणि पाकिस्तानी नागरिकाला २४ तासांत.

विवाहाचा दाखला न मिळाल्यानं काय होतं, याचं ठाण्याचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. एका मुस्लिम गृहस्थाची अल्जीरियाची पत्नी. ही त्याची तिसरी पत्नी. फेब्रुवारी २०२३ मध्ये ठाणे महापालिकेनं लग्नाची नोंद करायला नकार दिला, कारण राज्याच्या कायद्यात एकच लग्न धरलेलं आहे, असं तिचं म्हणणं. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की १९९८ च्या कायद्यात मुसलमानांचा वैयक्तिक कायदा बाजूला सारणारं काही नाही, तेव्हा अर्जाचा पुन्हा विचार करा. आणखी एक मौज म्हणजे, याच माणसाचं मोरोक्कोच्या दुसऱ्या पत्नीशी झालेलं लग्न याच पालिकेनं नोंदवलेलं होतं. तीन बायकांच्या संसाराबद्दल माझं मत विचाराल तर ते चांगलं नाही. पण या खटल्यातली जी ओळ माझ्या लक्षात राहिली ती वेगळी आहे. खटला चालू असताना त्या स्त्रीच्या पासपोर्टची मुदत संपून गेली होती, आणि निर्णय होईपर्यंत तिच्यावर कारवाई करू नका, असं न्यायालयाला सांगावं लागलं. भांडण होतं नवऱ्याच्या आणि पालिकेच्या अर्थ लावण्याचं, आणि तारीख संपत होती तिची.

आधार कार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे, पॅन कार्ड आहे, मग भीती कशाची, असं विचारणारेही भेटतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंच ठाण्याच्या एका दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट केलं, की या कार्डांनी कुणी भारताचा नागरिक होत नाही. उलट परदेशी माणसानं खोटी माहिती देऊन ती काढली असतील, तर उशिराच्या साध्या प्रकरणावर फसवणुकीचा गुन्हा चढतो. मुदत उलटली तर दंड भरून सुटका होईल. खोट्या मतदार कार्डाला तशी सोय नाही. सुनेचं नाव शिधापत्रिकेत घालायची घाई करणाऱ्या सासऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हे सगळं नेहमीच असं नव्हतं. फाळणीनंतर काही महिने लोक दोन्हीकडे येत-जात होते. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झालं, ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले. पण १९४६ च्या कायद्यातली 'परदेशी' या शब्दाची व्याख्या इंग्रजांच्या काळची होती. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस तिच्यात परदेशी ठरत नव्हता. ती १९५७ मध्ये बदलली. मधल्या काळात पाकिस्तानी पासपोर्टवर आलेल्या कितीतरी जणांच्या मुदती उलटून गेल्या. उत्तर प्रदेशातल्या अशा एका माणसावर खटला झाला. तो १९५३ मध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर आला होता, एक वर्षापर्यंत मुदत वाढवून घेतली होती, आणि मग परत गेलाच नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली, कारण आला त्या दिवशी तो कायद्याच्या व्याख्येप्रमाणे परदेशीच नव्हता. शब्दकोशानं माणूस वाचवल्याचं हे उदाहरण मला कवी म्हणून फार आवडतं.

आणि अगदी अलीकडचं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला. निरपराध पर्यटक मारले गेले. त्यानंतर २७ एप्रिलपासून पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र कायम ठेवले. नागपूरच्या जरीपटक्यात सिंधी कुटुंबांना त्यामुळे हायसं वाटलं. पण लग्न करून आलेल्या, आणि एलटीव्हीचा अर्ज 'करू, करू' म्हणत पाहुणेपणाच्या व्हिसावरच राहिलेल्या बायकांची त्या आठवड्यात काय अवस्था झाली असेल! अटारीच्या फाटकाशी असेही प्रसंग घडले, की आईजवळ भारताचा पासपोर्ट आणि लेकरांजवळ पाकिस्तानचा. लेकरांना जायला सांगितलं, आईला जाऊ देत नव्हते.

बाहेरच्या देशांत आपल्या मुलांचं काय होतं, तेही थोडक्यात सांगतो, कारण वरोरा-भद्रावतीची मुलंसुद्धा आता तिकडे आहेत. अमेरिकेत रीतसर व्हिसावर गेलेल्यानं तिथल्या नागरिकाशी लग्न केलं, तर मुदत उलटलेली असली तरी देश न सोडता ग्रीन कार्ड मागता येतं. मात्र १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून तो देशाबाहेर पडला, तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहून बाहेर पडला तर दहा वर्षं परत येता येत नाही. हा १९९६ चा कायदा. आजीच्या मयतीला गावी आलेला नातू त्यात अडकू शकतो. इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथं मुदत संपल्यावर १४ दिवसांच्या आत, आणि तेही उशिराचं पटण्याजोगं कारण दाखवून अर्ज केला तर ठीक. नाहीतर माघारी येऊन इथून अर्ज करावा लागतो, किंवा दोघांना दुसरीकडे संसार करणं अशक्य आहे हे पटवून द्यावं लागतं. अमेरिकेत अडकलेल्याला दिलेला सल्ला इंग्लंडमध्ये घात करतो. मित्राच्या मित्राचं ऐकून विमानाचं तिकीट काढू नये.

आता ज्यांच्या घरी मुदत उलटून गेलेलीच आहे आणि मूलही झालेलं आहे, त्यांचं काय? आधी आईची बाजू. उशीर किती, कारण काय, त्याचा कागद कोणता, हे घेऊन पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात हजर व्हा. काही प्रकरणांत परवानगी इथंच नियमित होते. काहींत देश सोडण्याचा परवाना घेऊन माघारी जावं लागतं, आणि तिथल्या भारतीय वकिलातीतून, विवाहाच्या दाखल्यासह, एक्स व्हिसा घेऊन यावं लागतं. हे दुसरं कठीण आहे. तान्हं मूल, तिकिटाचे पैसे, शिवाय परत यायला मिळेल की नाही ही धाकधूक. पण मग ती नव्या व्हिसावर नवी पाहुणी म्हणून येते, आणि जुनी उलटलेली तारीख रोज वाढत राहत नाही. मुलाच्या बाबतीत नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमात एक वाट आहे. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. तो हक्क नाही, सरकारची मर्जी आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, म्हणजे आमच्यासाठी चंद्रपूरहून. सोबत मुलाचा जन्मदाखला, बापाच्या नागरिकत्वाचे पुरावे, आईबापांच्या लग्नाचा दाखला आणि आईचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवरची प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, कोऱ्या पानांचीसुद्धा. एका टेबलावर नेमकी तीच मागतात.